ओल्या आंब्याचं दार

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी सिंदेवाहीत सुतारकामाचं छोटं दुकान चालवायचो. वादळात पडलेली झाडं आणायचो आणि संध्याकाळी गावात कोणालाही काम शिकवायचो. धानाच्या रोवणीला मजुरीने जाणारी एक बाई रोज यायची. मजुरीतून तिने स्वतःचा रंधा घेतला होता. आंब्याच्या फळ्यांचं दार तिने आपल्या घरासाठी केलं. फळ्या ओल्या आहेत हे मला कळत होतं. पण माझं शिकवण्याचं काम बघायला शहरातून काही पाहुणे येणार होते आणि मला तयार दार दाखवायचं होतं. "चालते," मी तिला म्हणालो.

उन्हाळ्यात लाकूड वाळून दार पिळलं, लागेना. "आता कुत्र्याले बोलवा लागत नाई, आपल्या मनानंच येते," ती हसली. मग म्हणाली, "माह्या हातातच हुनर नाई, भाऊ." तिने येणं सोडलं. खरं कारण मी तिला सांगितलं नाही.

त्यानंतर कामात मन लागेना. तिचं घर टाळून लांबच्या वाटेने जायचो. शेवटी एकदा त्याच दारात उभा राहून तिला सांगितलं, चूक माझी होती, लाकूड ओलं होतं.

तिने दार ढकलून पाहिलं.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं? रंधा तं म्या बाजारात इकून टाकला."