खोडरबराचा वास

मुलीच्या खोडरबराचा वास आला की माझ्या औरंगपुऱ्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पिशोरहून आलेल्या त्या मावशी आठवतात. वारलेल्या नवऱ्याचा कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता. "ह्यांनी नातीला सांगितलेली गोष्ट हाय त्यात, ह्यांच्या आवाजात. तेवढी जपा," त्या म्हणाल्या. लोक फाइली डी ड्राइव्हमध्येच ठेवतात, म्हणून मी सवयीनं फक्त त्याची कॉपी घेतली आणि फॉरमॅट मारून बाकी सगळं पुसलं. विंडोज नव्यानं टाकूनही तो बंदच पडत राहिला. शेवटी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून तिच्या मळलेल्या सोनेरी कडेवर खोडरबर घासला, तेव्हा कुठं तो नीट चालला. गोष्ट मात्र डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये होती, ती फॉरमॅटमध्ये गेली. हे सांगितल्यावर मावशींनी स्पीकरवरची धूळ पदरानं पुसली आणि माझीच समजूत काढत म्हणाल्या, "असू द्या भाऊ, चालू तर झाला ना." आता मी आधी खोडरबरच हातात घेतो, त्या दिवशीही तेवढ्यानंच भागलं असतं.