लाल ओळ

परळीच्या स्टेशनजवळ बेघरांचा निवारा आहे. तिथं मी व्यवस्थापक आणि कॉम्प्युटरवर नोंदी भरायला एक बाई. सगळे त्यांना ताईच म्हणतात. सकाळी आल्या की आधी ओढणीच्या टोकानं कीबोर्डवर बसलेली वीजकेंद्राची राख पुसतात, मग आमच्या जुन्या रजिस्टरचा एकेक रकाना सरकारी अहवालाच्या रकान्याशी जुळवत बसतात. जुळला की डब्याचं झाकण लावल्यासारखं म्हणतात, "बसला!"

एका आजींच्या नावापाशी मात्र त्या अडल्या. रजिस्टरात लिहिलं होतं, 'मुलानं स्टेशनवर सोडलं.' बेघर होण्याच्या कारणांच्या नव्या यादीत हे कुठंच नव्हतं. ती ओळ लाल झाली, अहवाल पुढं जाईना.

मी म्हणालो, "'स्थलांतर' टाका अन् मोकळ्या व्हा."

"कावून? आजी काय ऊसतोडीला गेलत्या व्हय?"

वरच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला; त्यांच्या स्क्रीनवरही ती ओळ लालच दिसत होती, काहीतरी भरून अहवाल पाठवा म्हणाले. ताईंनी आवाजही चढवला नाही. "साहेब, यादीत कारण वाढवा. खोटं मी भरणार न्हाई."

तेव्हापासून रोज त्या तीच ओळ तशीच भरतात आणि ती रोज लाल होते. काल मी वैतागलो. "ताई, लई डोळ्यात खुपतंय हे."

राख पुसत त्या म्हणाल्या, "खुपू द्या. साहेबालाबी रोज हेच दिसतंय."