हजर होण्याआधीचे अकरा सत्कार

नोकरीवर हजर व्हायला मला सात दिवसांची मुदत होती आणि त्या सात दिवसांत माझे अकरा सत्कार झाले.

मी आमच्या घराण्यातला पहिला नोकरदार. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माकणीच्या शिवारात मेंढरं राखून मला शिकवलं. आईनं तर माझी डी.एड.ची फी भरायची म्हणून तीन वर्षं नवं लुगडं घेतलं नाही. या दोघांचे उपकार मी विसरलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यावरून तसं वाटणार नाही.

माझी नेमणूक झाली होती मुरुमच्या पुढच्या एका वस्तीशाळेवर. वर्ग पहिलीचा. आदेशात स्पष्ट लिहिलं होतं की सात दिवसांच्या आत शाळेच्या वेळेत हजर न झाल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल.

मी तयारीची यादी केली. चित्रांची कार्डं करायची, दोन बालगीतं हातवाऱ्यांसकट पाठ करायची, दशक शिकवायला काड्यांच्या जुड्या बांधायच्या आणि पाचव्या दिवशी जाऊन हजर व्हायचं. पुठ्ठा, कात्री आणि खळ घेऊन ओसरीवर बसलो. एक आंबा अर्धा काढून झाला तोच थोरले चुलते आले. म्हणाले, पारावर चल, पाच मिनिटांचं काम आहे.

तो पहिला सत्कार. शाल, नारळ, फेटा आणि चार भाषणं. पाच मिनिटं तर नुसत्या प्रास्ताविकालाच पुरली नाहीत. चुलत्यांनी माझी हुशारी आपण लहानपणीच कशी ओळखली होती ते सांगितलं. (बारावीनंतर "ह्याला जेसीबीवर लावा" असा सल्ला आप्पांना त्यांनीच दिला होता, तेवढं सांगायचं राहून गेलं.)

आता थोरल्यांनी केला म्हटल्यावर त्यांच्याशी बोलणं बंद असलेल्या धाकट्या चुलत्यांना करणं भागच होतं. मग वरच्या आळीनं केला म्हणून खालच्या आळीनं. गणेश मंडळानं केला म्हणून त्या मंडळातून फुटलेल्या मंडळानं. चौकात बॅनर लागला. त्यावर एकोणीस पुढाऱ्यांचे फोटो होते आणि खालच्या कोपऱ्यात, दोरी ओवायच्या भोकाशेजारी, मी. आईनं मला शर्टावरून ओळखलं.

खरं सांगायचं तर पहिल्या दोन सत्कारांत मला लाज वाटली. तिसऱ्याला वाटेनाशी झाली. चौथ्याला मी फेटा बांधणाऱ्याला "तुरा जरा उजवीकडं घ्या" असं सुचवलं!

भाषणाचंही तसंच. सुरुवातीला "आभारी आहे" म्हणून मटकन खाली बसणारा मी, पाचव्या सत्काराला अकरा मिनिटं बोललो. विषय आदर्श शिक्षक. मूल म्हणजे मातीचा गोळा आणि शिक्षक म्हणजे शिल्पकार. (मातीच्या गोळ्याला शिल्पकार कशाला, कुंभार पुरे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.) आदर्श शिक्षक वेळेचा पक्का असतो, या वाक्याला टाळ्या हमखास. तोवर मी एकाही पोराला एकही अक्षर शिकवलेलं नव्हतं, पण शिक्षण क्षेत्रातल्या त्रुटींवर माझी मतं ठाम होत चालली होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मला यादी आठवली.

"आप्पा, उद्या जाऊन हजर होतो म्हणतो."

"उद्या? उद्या सोसायटीचा सत्कार हाय."

"मग परवा?"

"परवा दोन हायती. आन शेवटच्या दिशी तुझा मामा. त्यो काय सोडतोय व्हय?"

आप्पांचंही चुकत नव्हतं. आयुष्यभर गावानं त्यांना पाराच्या खाली उभं केलं होतं. या आठवड्यात पहिल्यांदाच खुर्ची मिळत होती, तीही हात असलेली. ती सोडा, असं मी कोणत्या तोंडानं सांगणार? (शिवाय त्यांच्या शेजारची खुर्ची माझी होती.)

सातव्या दिवशी मामांच्या गावी गेलो. शाळेच्या वाटेवरच होतं ते. दहाला हार घालतो, अकराला तू शाळेत, असा मामांचा शब्द होता. शब्दात खोट नव्हती. फक्त दहाला येणारे प्रमुख पाहुणे तीनला आले. मधल्या काळात मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा मामांनी खांद्याला धरून बसवलं. म्हणाले, "पाहुण्याबिगर सत्कार म्हंजी नवरीबिगर लगीन." या लग्नात मी कोण होतो ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग पिकअप सुसाट निघाली. पुढं मी आणि आप्पा, मागं मामा, भावकीतली सहा माणसं, शालींचं गाठोडं आणि नारळांचं पोतं. शाळा पाचला सुटणार होती. आम्ही चार चाळीसला पोचलो. फेटा काढायला वेळ मिळाला नाही, असं मी आजवर सांगत आलो आहे.

गाडीतून फेटा उतरताना दिसला आणि पोरांनी, त्यांना जे शिकवलं होतं, ते चोख केलं. रांगा लागल्या, टाळ्या सुरू झाल्या, स्वागतगीत झालं. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, लगबगीनं बाहेर आल्या. त्यांनी आधी खुर्ची मागवली आणि मग मी कोण असेन याचा विचार सुरू केला असावा. मामांनी घसा खाकरला आणि जाहीर केलं की आमचे दत्तात्रयराव आता दोन शब्द बोलतील.

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. खिशात आदेश होता, भिंतीवर घड्याळ होतं. पण समोर माणसं बसलेली, डोक्याला फेटा. उजवा हात आपोआप वर गेला. वेळेच्या पक्केपणावर आलो तेव्हा शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरं बिचारी उठली नाहीत. पाहुणे बोलत असताना उठायचं नसतं.

भाषण संपल्यावर मोठ्या बाईंनी हात जोडून विचारलं, "साहेब, आपण कोणत्या खात्याचे?"

मी आदेश पुढं केला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडं पाहिलं, मग नारळांच्या पोत्याकडं.

"तुम्ही हजर व्हायला आलाय?"

"होय बाई."

"आज शेवटचा दिवस आहे. शाळा सुटली. मग एवढा वेळ बोलत काय होता?"

आप्पा खुर्चीतून उठले. डोक्याचा फेटा काढून त्यांनी हातात घेतला.

"बाई, चूक माझी हाय. म्याच थांबीवलं ह्याला. कागद तेवढा रद्द करू नका."

आठवडाभर मिळालेली सगळी खुर्ची त्यांनी त्या एका वाक्यात परत केली. मी मात्र फेट्यातच उभा होतो.

मोठ्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "गाडी आली तेव्हा चार चाळीस झाले होते," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे, तेवढं मी लिहीन. रुजू अहवाल द्या."

रुजू अहवाल म्हणजे "मी आज हजर झालो" असं दोन ओळींचं पत्र. माझ्याकडं अकरा शाली होत्या, पोतंभर नारळ होते, पण कोरा कागद एकही नव्हता. शेवटी बाईंनी पहिलीतल्या एका पोरीच्या दुरेघी वहीचं पान मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या शर्टात, बोडक्या डोक्यानं वर्गात गेलो. हातात एक कार्ड नाही, तोंडात एक गाणं नाही. पोरं उठून टाळ्या वाजवायला लागली. मी त्यांना बसवलं आणि आता पुढं काय, या विचारात उभा राहिलो. तेवढ्यात कालच्या त्याच पोरीनं हात वर केला.

"पाहुणं, तुमचं भाषण काल झालं न्हवं का? मोठ्या बाई म्हणल्या हुत्या, आमाला नवं सर येणार हायती. आठ दिस झालं, आमी वाट बघायलोय. कवा येणार त्ये?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

"येतील," मी म्हणालो, "त्यांची तयारी चालू आहे."