घाटातली लाल गाडी

मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही अकोल्याला एक जुनी गाडी बघायला गेलो. मी, माझा नवरा सतीश आणि सासूबाई... सासूबाईंचं तिथे काही काम नव्हतं, पण "मी घरी बसून काय करू?" म्हणत त्या आधीच तयार होऊन बसल्या होत्या.

मी शेलूबाजारला शाळेत शिकवते, वाशीमहून रोज गाडीने ये-जा करते. ड्रायव्हिंग मला मनापासून आवडतं. मैत्रिणींना त्याचा कंटाळा येतो, मला मात्र शाळेच्या आधीचा तो रस्ता म्हणजे दिवसातला सगळ्यात चांगला वेळ वाटतो.

म्हणूनच एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार हवी होती. शो करायला नाही... हलकी, गिअरची, वळणावर रस्ता हातात जाणवेल अशी. रोज शाळेत न्यायची आणि सुट्टीत लोणार, चिखलदरा असं कुठे कुठे फिरायचं. वर्षभर रात्री जेवणं झाली की व्हिडिओ बघत होते. गंज कुठे बघायचा, क्लच कसा तपासायचा, ठोकून पुन्हा रंगवलेली गाडी कशी ओळखायची... सतीश म्हणायचा, "तू बीएडला एवढा अभ्यास केला नसशील!"

ही गाडी लाल होती. दोनच सीटा, वरचं छप्पर उघडणारं. मालक म्हणजे रिटायर झालेले एक इंजिनीअर काका, त्यांची पाठ आता एवढ्या खाली बसू देत नव्हती. त्यांनी सगळी सर्व्हिसिंगची बिलं दाखवली, कुठे ओरखडा आहे तेही स्वतःच सांगितलं. मग म्हणाले, "इथे गावात काय कळणार? चला, पातूरच्या पुढे घाटात जाऊ."

सतीश आणि सासूबाई काकांच्या घरी थांबले. काका शेजारी बसले, मी चालवायला... मेडशीच्या बाजूची ती वळणं मी कितीतरी वेळा पार केलीत, बसमधून, आमच्या गाडीतून. पण त्या दिवशी तो रस्ता मला नवाच वाटला. सागाची झाडं डोक्यावरून जात होती, हात आपोआप गिअरवर जात होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

परत आलो तर सासूबाई म्हणाल्या, "मले बी बसू दे."

बसल्या. एक छोटी चक्कर मारून आणली. उतरताना मात्र त्यांना उठताच येईना... एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सतीश, आणि मधे त्या पोट धरून हसतायत. "पाट्यावर बसल्यावानी वाटते वं! पन मजा येते." सतीशने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "घेऊन टाक. सगळ्यांना न्यायला माझी गाडी आहेच की."

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

आणि इथेच सगळं बिघडलं...

घरी आल्यावर मी विचार करत बसले. शाळेसमोरचे स्पीडब्रेकर, पावसाळ्यातले खड्डे, पार्ट मिळाले नाहीत तर काय. खरं तर या प्रत्येकाचं उत्तर मी वर्षभरात शोधून ठेवलेलं होतं. खरी भीती वेगळीच होती. स्टाफरूममध्ये काय बोलतील, पालक काय म्हणतील, नातेवाईक म्हणतील या वयात बाईला हे काय सुचलं... कोणी काही बोललं नव्हतं, मीच सगळ्यांच्या वतीने बोलून घेतलं.

काकांना मेसेज केला, सध्या जमणार नाही. आठवडाभरात एक पांढरी, उंच, ऑटोमॅटिक गाडी घेतली. जिच्याबद्दल कोणी काहीच म्हणणार नाही अशी. सतीशने फक्त विचारलं, "नक्की ना?"

परवा त्याच गाडीने सासूबाईंना घेऊन अनसिंगला गेले. ते त्यांचं माहेर. गाडी थांबली तशा गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. गाडीभोवती फिरल्या, मागे वाकून पाहिलं... आणि सासूबाईंच्या वहिनी म्हणाल्या, "काहो, लाल गाडी कुठी हाय? हे त साऱ्यायकडेच असते!"

यांना लाल गाडीचं कसं माहीत, मला कळेना. दुसरी एक बाई म्हणाली, "तुमच्या सासूनं त फोन करू करू सांगतलं, मायी सून बिनटपाची गाडी घेऊन राह्यली म्हून. आमी पाहाले थांबलो होतो."

सासूबाई पटकन म्हणाल्या, "नाई, ते गाडी बराबर नोती. मंग नाई घेतली." माझ्यासाठी त्या खोटं बोलल्या.

येताना मी विचारलं, "आई, तुम्ही सगळ्यांना का सांगितलं होतं?"

"काहून नाई सांगू?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मले खुशी झाली होती."

काल संध्याकाळी न राहवून काकांना फोन लावला. गाडी पुण्याच्या एका मुलाने नेली होती, चारच दिवस झाले होते. काका म्हणाले, "मॅडम, मी थांबलो होतो हो. तुमचा मेसेज आला तरी मला वाटायचं, तुम्ही परत फोन कराल. घाटात तुम्ही पूर्ण वेळ हसत होता..."

मी हसत होते, हे मला माहीतच नव्हतं.

नवीन गाडीत तसं काहीच वाईट नाही. एसी छान आहे, खड्डे कळत नाहीत. रस्ताही कळत नाही... कुणी अडवलं असतं तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं. मला तर माझ्या माणसांनी आधीच परवानगी देऊन टाकली होती, कौतुकाने गावभर सांगितलं होतं. ज्या "लोकांना" मी घाबरले, ते अनसिंगच्या गल्लीत माझी वाट बघत उभे होते.