बिल्ला आमचा, बाई आमची नव्हे

नोकरी संपली तरी काही प्रकरणं मनातून जात नाहीत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली ती घटना मला आजही आठवते, कारण त्यातल्या चोराचं वागणं मला सुरुवातीला मुळीच उमगत नव्हतं.

मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. शहरातली एक धर्मादाय संस्था दरवर्षी एकत्र निधी जमवायची. मूकबधिर मुलांची शाळा, वृद्धाश्रम, कंपू भागातल्या इस्पितळाबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना जेवू घालणारं केंद्र, अशा सगळ्यांसाठी या एकाच संस्थेनं मागायचं आणि मग वाटून द्यायचं. स्वयंसेवकाच्या गळ्यातल्या संस्थेच्या बिल्ल्यावर लोकांचा विश्वास होता.

दौलतगंजातल्या एका कापड दुकानदाराचा फोन आला. "साहब, चंदेवाली कल आई थी, आज दूसरी आ गई. दोनों के गले में वही बिल्ला!"

संस्थेचे सचिव, आमच्यातलेच एक मराठी गृहस्थ, घाईघाईनं ठाण्यात आले. "आज आलेली आमची. कालची कोण, देव जाणे. बिल्ला आमचा आहे, बाई आमची नव्हे. साहेब, ही गोष्ट पसरली तर शाळेचं वर्ष बुडेल."

तक्रार लिहून घेतली. दुकानातलं सीसीटीव्ही पाहिलं. उन्हामुळे बाईनं ओढणीनं तोंड गुंडाळलेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात निम्म्या बायका तशाच फिरतात. शहराच्या हजीरा भागातही ती येऊन गेली होती. जबाब घेतले, वर्णनं जुळेनात. कोणी उंच म्हणे, कोणी ठेंगणी.

मग मी प्रश्न बदलला. ती दिसायला कशी होती हे सोडलं आणि ती काय बोलली ते विचारू लागलो. आता सगळ्यांना आठवू लागलं. हजीऱ्यातल्या एका आजी म्हणाल्या, "ती म्हणाली, तिथे एक बाई आहे, तिला कोणी केस विंचरून दिले की ती दिवसभर आरसा सोडत नाही. मला तर रडूच आलं हो." दुकानदारालाही तीच आरशाची गोष्ट आठवत होती.

ठग वृद्धाश्रमाचं, अनाथ मुलांचं नाव घेतो. त्यावर लोकांचा हात पटकन खिशात जातो. मग ही बाई केस विंचरायच्या गोष्टी का सांगत होती? मी सचिवांना विचारलं, "तुमच्या कुठल्या संस्थेत अशा बायका आहेत?"

ते म्हणाले, "आता कुठल्याच नाही. पूर्वी एक होती. बेवारस मनोरुग्ण बायकांचा निवारा. यंदा वगळली."

मी महिला हवालदाराला घेऊन निवाऱ्यावर गेलो. अंगणात एक साठीची बाई कोणाच्या तरी केसांना तेल लावत बसली होती. गणवेश पाहून उठली नाही. "एवढी वेणी होऊ द्या, मग येते," म्हणाली.

बिल्ला घालून फिरलेली ती हीच. निवृत्त शिक्षिका, संस्थेची जुनी स्वयंसेविका. बिल्ला तेव्हाचाच. ठाण्यात तिनं काही लपवलं नाही.

"पैसे कुठे गेले?"

"सगळे निवाऱ्यात. विचारा तिथे."

"मग निवाऱ्याच्या नावानं का नाही मागितलं?"

"आधी तसंच मागितलं होतं. पहिल्याच दुकानात हसले. 'पागलखाने के लिए?' म्हणाले. बिल्ला घातला तर खुर्ची दिली, पाणी दिलं."

निवाऱ्यात खात्री केली. तिचं खरं होतं. सचिवांना बोलावलं आणि वगळण्याचं कारण विचारलं. ते खाली बघून बोलले, "पत्रकावर त्या बायकांचा फोटो आला की लोक हात आखडता घेतात. बाकीच्यांचं नुकसान का करू?" तेही खोटं बोलत नव्हते. मूकबधिर मुलांची शाळा त्यांनीच उभी केली होती.

गुन्हा दाखल करावाच लागला. नाव दुसऱ्याचं वापरून पैसे घेतले, ही फसवणूकच. बाईनं सही केली, वकीलही मागितला नाही. जामिनावर सोडलं, तशी रिक्षा करून परत निवाऱ्यात गेली.

पुढे सचिव एकटेच निवाऱ्यात जाऊन आले. न्यायालयाच्या परवानगीनं त्यांनी तडजोड केली. अट एकच, बिल्ला परत करायचा. पुढच्या वर्षीच्या पत्रकात निवाऱ्याचं नाव होतं, फोटोसकट.

तडजोडीआधी मी दुकानदाराला विचारलं होतं, पैसे परत हवेत का?

"नहीं साहब. पर अगली बार सच बोलके आए."

"सच बोलके आई, तो दोगे?"

त्यानं समोरच्या कापडाची घडी केली. मग म्हणाला, "पता नहीं."

इतक्या वर्षांत मी हजारो जबाब ऐकले. एवढा प्रामाणिक क्वचितच. त्या बाईचं खोटं मला कलमात बसवता आलं. पण ते तिला का बोलावं लागलं, याचा तपास माझ्या ठाण्याच्या हद्दीत येत नव्हता. तो आम्हा प्रत्येकाच्या दारातच व्हायचा होता.