पांढऱ्या लायलॅकचे फुटवे

विटोमीरकाकांच्या अंगणातल्या पांढऱ्या फुलांच्या लायलॅकच्या झाडाला त्या वर्षी जांभळे तुरे आले आणि काकांनी जेवणच टाकलं.

त्यांचं अंगण माझ्या कुंपणाला लागून. सकाळी हाक आली, "मिलुन्का! ए पोरी, आधी इकडे ये!" पन्नाशी उलटलेल्या बाईला पोरी म्हणणारं गावात आता एवढं एकच माणूस उरलंय. गेले तर म्हातारा झाडापुढे उभा, टोपी हातात.

"स्टामेनाचं पांढरं होतं की नाही? सांग, मला वेड लागलंय का?"

पांढरंच होतं. स्टामेनाकाकूने लग्नाच्या वर्षी रोपवाटिकेतून आणलेलं, दुहेरी पाकळ्यांचं. मोरावा नदीच्या या काठाला लायलॅक नसलेलं अंगण सापडणार नाही, पण ती सगळी जांभळी. पांढरं फक्त तिचं, आणि त्याचा तोराही तिला होता. दोन वर्षं अंथरुणाला खिळून ती गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी गेली. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी आमचं सगळं गाव कबरींवर जातं. लाल अंडी, शिजवलेले गहू, राकिया दारूची बाटली, आणि कबरीवर लावायला मुळासकट उचललेली ताजी हिरवळ. काकू गेल्यावरचा हा पहिलाच सोमवार. तिच्या झाडाची फुलं तिला आणीन, असं काकांनी तिचा हात धरून कबूल केलं होतं. सोमवार आता आठवड्यावर आला होता.

"ती रागावलीय माझ्यावर," काका म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"पलीकडच्या घरची कोसारा. झाड रंग बदलतं म्हणजे गेलेलं माणूस नाराज असतं म्हणे."

"त्या बयेच्या जिभेला काही हाड? तिच्या कोंबड्या अंडी देत नाहीत, त्या कोणावर रागावल्यात विचारा तिला!"

बोलले खरी, आणि खाली वाकून पाहिलं. बुंध्याभोवती डोक्याइतक्या उंच काठ्यांचं रान माजलं होतं. मधलं जुनं खोड वाळलेलं. एकाच फांदीत जीव होता, तिच्या टोकाला हिरव्या कळ्यांचा एकच घोस.

"काका, ही जांभळी काकूची नव्हेतच. पांढऱ्याचं कलम रानटी लायलॅकच्या मुळावर बांधतात. हे त्या मुळांचे फुटवे. काकू दर वसंतात उपटायची, एप्रन भरभरून. तुम्ही कधी पाहिलं नाहीत?"

"मला वाटायचं, गवत काढते."

"आणि या तीन वर्षांत तुम्ही काय केलंत?"

काका टोपीची कड चाचपत राहिले. "पाणी घातलं. वाटलं, तिच्या हातचं झाड, बघ कसं फुटतंय. एकालाही कात्री लावली नाही गं."

मला रडू यायला लागलं, म्हणून मी आवाज चढवला. "सगळे काढा. आजच. नुसते वरून छाटू नका, दुप्पट येतील. माती बाजूला सारून मुळापासून ओढून काढा. हे सगळं पाणी पिताहेत आणि काकूचं झाड उपाशी मरतंय."

काका मान हलवत घरात गेले. तो दिवस गेला, दुसराही गेला. कुंपणावरून बघावं तर ते खुर्ची टाकून बसलेले, कात्री मांडीवर. माझा जीव टांगणीला. कोसाराने आपल्या झाडाच्या फुलांची जुडी आणून दिली, तीही त्यांनी परत पाठवली.

गुरुवारी कुदळीचा आवाज आला. म्हातारा गुडघ्यांवर बसून एकेक फुटवा ओढत होता आणि मोठमोठ्याने शिव्या देत रडत होता. मी गेले नाही. संध्याकाळपर्यंत काठ्यांचा ढीग लागला आणि मध्ये ते एकटं, हाडकुळं खोड उरलं.

मग त्या घोसाची वाट. शुक्रवारी बोचरं वारं सुटलं तर काकांनी त्याला काकूचा डोक्याचा रुमाल गुंडाळला. शनिवारी कळ्या हिरव्याच. रविवारीही हिरव्याच. "नाही उमलणार," ते म्हणाले, आणि मला खोटं बोलवेना.

सोमवारी सकाळी त्यांनी रुमाल सोडला. अर्धा घोस पांढरा झाला होता.

"कापू?"

"कापा हो काका! फूल कापल्याने लायलॅक मरत नाही!"

तो एकच तुरा त्यांनी छातीशी धरून नेला. कबरीवर लावायची हिरवळही त्यांनी दुसरीकडून घेतली नाही, तिच्या झाडाखालचीच खणून नेली. मला इतकं हायसं वाटत होतं की त्या हिरवळीकडे मी नीट पाहिलंही नाही.

पुढच्या महिन्यात, पितरांच्या शनिवारी, पुन्हा कबरस्तानात गेले. काकूच्या दगडाभोवती लायलॅकचे कोवळे फुटवे! हिरवळीबरोबर मुळाचे तुकडे गेले होते. देवा रे, अंगणातले काढताना या माणसाचा जीव अर्धा झाला, आता तिच्या उशाशी उगवलेले हा काढेल होय? चार वर्षांत दगड गडप होईल, शेजारची कबरही.

काका तिथेच गुडघ्यांवर बसले होते. हातात छोटा चाकू, बाजूला उपटलेल्या फुटव्यांची मूठ.

"दर रविवारी येतो," ते म्हणाले. "दर रविवारी असतातच, हलकट. काढतो आणि तिला सांगतो, बघ, आता जमतं मला." मग त्यांनी चाकू माझ्या हातात ठेवला. "माती बाजूला सार. मुळापासून ओढ."

माझीच शिकवणी मला! एरवी ऐकवलं असतं. पण मी माती उकरली आणि एक फुटवा ओढून काढला.

"इथलाही," काकांनी बोट दाखवलं. आमच्याकडे मागे राहिलेल्या जोडीदाराचं नाव आधीच कोरून ठेवतात. दगडाच्या त्या अर्ध्यावर विटोमीर लिहिलं होतं, खाली जन्माचं साल, पुढे कोरी जागा.

"ही बाजू माझी," ते म्हणाले. "इथलेही काढत जा, पोरी."