केराबाईची जागा

दवाखान्यात नर्सने दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या वासासरशी मी साखर कारखान्याच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन पोचलो.

दुष्काळाचं वर्ष होतं. केराबाई आणि सोनाबाई या दोन जावा कारखान्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडताना आळीपाळीने एकेक ओळ गायच्या. त्या उन्हाळ्यात केराबाई वारली. मी गाणं टेप केलं तेव्हा सोनाबाई आपली ओळ म्हणायची आणि केराबाईच्या ओळीला गप्प राहायची. तेवढा वेळ नुसती हातोडी वाजायची.

कारखान्याच्या स्मरणिकेसाठी मी हे लिहिलं, तर संपादकाने नेमका त्या गप्प ओळींचा परिच्छेद उडवला. निदान कारखान्याच्या सभेत वाजणारी टेप तरी शाबूत राहावी म्हणून मी रेकॉर्डिंगवाल्या शेषरावच्या डोक्यावर उभा होतो. त्याने स्पिरिटने मशीनचं हेड पुसलं आणि ब्लेड उचललं.

"शेषराव, तिथं कापू नका."

"कावून? काईच तर न्हाई तिथं. चेअरमनला वाटंल, टेप अडकली."

"तिथं केराबाई आहे."

त्याने टेप सरळ केली. मग ब्लेड खाली आलं. टेपेचे तपकिरी तुकडे फरशीवर पडत गेले.

जोडलेली टेप त्याने लावून पाहिली. गाणं धावत सुटलं. उंबऱ्यात बसलेली सोनाबाई दोन ओळी ऐकून उठली. "दादा, मला थांबूच दिलं न्हाई वो," एवढंच म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

तेव्हा मला माझ्या परिच्छेदाचंच जास्त लागलं होतं. परिच्छेद निदान माझा होता; टेपमधली जागा त्या दोघींची.

"काका, हात सैल सोडा," नर्स म्हणाली. मूठ उघडेना.